स्कायरिमच्या पोलादी तलवारीवर कोफ्तगिरी : गिंपमध्ये टेक्श्चर बदलण्याची पूर्ण कृती

कासारगल्ली

स्कायरिम या संगणकावरच्या खेळाच्या स्पेशल एडिशनमधली साधी पोलादी तलवार घेऊन तिच्या टेक्श्चरमध्ये (मॉडेलवर गुंडाळलेल्या चित्रात) पात्यावरचे डाग काढायचे, पोलाद स्वच्छ करायचं आणि मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर कोफ्तगिरीची नक्षी बसवायची, असं हे काम आहे. खऱ्या कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक आडव्यातिडव्या रेघा ओरखडतात, त्या खडबडीत भागावर सोन्याची तार ठोकून बसवतात आणि मग घासून गुळगुळीत करतात. म्हणजे सोनं पृष्ठभागापासून जेमतेम केसभर वर असतं आणि त्याच्या कडेशी पोलाद किंचित काळपट दिसतं. या दोन गोष्टी चित्रात आल्या तरच नक्षी ठोकून बसवलेली वाटते, नाहीतर वरून स्टिकर चिकटवल्यासारखी दिसते.

लागणारी सॉफ्टवेअरं : गिंप (चित्रावर काम करायला), निफस्कोप २ (मॉडेलच्या निफ फाइली पाहायला आणि बदलायला; स्पेशल एडिशनची मॉडेलं जुन्या आवृत्तीत नीट उघडत नाहीत), बीएसए फाइल (खेळाच्या मूळ फाइलींचा गठ्ठा) उघडणारं कोणतंही साधन, शेवटच्या रूपांतरासाठी पेंट डॉट नेट किंवा मायक्रोसॉफ्टचं टेक्सकॉन्व्ह, आणि मॉड (खेळात केलेले बदल) बसवायला मॉड ऑर्गनायझर २. फोटोशॉप असेल तर तेही चालेल, पण त्यात अल्फाचं (लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीच्या चौथ्या चॅनलचं) काम वेगळ्या पद्धतीनं होतं. त्याबद्दल खाली कोणी लिहिलं तर बरं.

आधी मॉडेल उघडा, चित्र नंतर. बीएसएमधून तलवारीची निफ फाइल काढून निफस्कोपमध्ये उघडा. आत एकाहून जास्त आकार दिसतील : पातं-मूठ, म्यान, आणि रक्ताचा थर दाखवणारा एक वेगळा आकार. तो रक्ताचा आकार पात्यावरच बसलेला असतो, त्यामुळे क्लिक करताना चुकून तोच निवडला जातो. पात्याच्या आकाराखाली लायटिंग शेडर प्रॉपर्टी (त्यावर उजेड कसा दिसतो ते ठरवणारा भाग) आणि तिच्याखाली टेक्श्चर सेट असतो. तिथे फाइलींचे मार्ग क्रमानं लिहिलेले असतात. मोजणी शून्यापासून आहे :

० – रंगाची फाइल
१ – नॉर्मल मॅप, म्हणजे उठाव दाखवणारं चित्र (नावाच्या शेवटी अंडरस्कोर एन)
२ – स्वतः उजळणाऱ्या वस्तूंसाठी ग्लो
४ – क्यूबमॅप, म्हणजे धातूवर पडणाऱ्या प्रतिबिंबाचं चित्र (अंडरस्कोर ई)
५ – क्यूबमॅपचा मास्क, म्हणजे प्रतिबिंब कुठे किती दिसावं ते (अंडरस्कोर एम)

हे मार्ग जसेच्या तसे टिपून घ्या. तुमची फाइल नेमक्या याच नावानं, याच फोल्डरमध्ये जायला हवी. खेळात वस्तू जांभळी दिसली तर टेक्श्चर सापडलेलं नाही, म्हणजे बहुतेक वेळा मार्गातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं. उद्गारचिन्हाचा लाल त्रिकोण दिसला तर मॉडेलच सापडलेलं नाही. ही वेगळी चूक आहे, तिथे टेक्श्चर तपासत बसू नका.

रंगाची फाइल. डीडीएस (खेळातल्या टेक्श्चरचा फॉरमॅट) उघडताना गिंप मिपमॅप (लांबून दाखवायच्या छोट्या आवृत्त्या) आणायचे का विचारतो. नको म्हणा, नाहीतर दहा-बारा छोटी चित्रं लेयर म्हणून आत येतात. मग चित्र दुप्पट करा (१०२४ असेल तर २०४८). बाजू नेहमी दोनाच्या घातातच ठेवा.

डाग काढायला क्लोन ब्रशनं पातं पुसत बसू नका. फिल्टर्स मेनूतल्या एन्हान्समध्ये वेव्हलेट डीकंपोज आहे. ५ पातळ्या द्या. चित्र बारीक ओरखड्यांपासून ढोबळ छटांपर्यंत वेगवेगळ्या लेयरमध्ये फुटतं आणि तळाशी रेसिड्युअल नावाचा धूसर लेयर उरतो. डागांचा तपकिरी रंग जवळजवळ सगळा त्या रेसिड्युअलमध्ये आणि सगळ्यात ढोबळ पातळीत असतो. पात्याचा भाग सिलेक्ट करून फक्त रेसिड्युअलचं सॅच्युरेशन ८० टक्क्यांनी उतरवा आणि मोठ्या मऊ ब्रशनं छटा सारख्या करा. वरच्या पातळ्यांना हात लावू नका. धातूचं घडवलेलं रूप, घासल्याच्या रेघा, धारेजवळचे टवके हे सगळं तिथे जपलेलं असतं, आणि तलवार खरी वाटते ती त्यामुळेच.

पोलादाचा रंग (० काळा, २५५ पांढरा) ११० ते १२५ च्या आसपास ठेवा, निळ्याला इतर दोघांपेक्षा ४-५ जास्त. पातं पांढरंशुभ्र करायचा मोह होतो, पण या खेळात दुपारच्या बर्फात असं पातं कागदासारखं दिसतं.

नक्षी वेगळ्या लेयरवर. २०४८ च्या चित्रात वेलीची रेघ ४ पिक्सेलपेक्षा बारीक नको. सोन्याचा रंग (लाल, हिरवा, निळा) साधारण १७०, १२८, ६२. त्याखाली पोलादाच्या बाजूला २ पिक्सेलची काळपट कडा, ४० टक्के अपारदर्शक. बेव्हल किंवा सावलीचा इफेक्ट रंगाच्या फाइलमध्ये देऊ नका. उठाव दाखवायचं काम नॉर्मल मॅपचं आहे. रंगात सावली रंगवली की मशाल उजवीकडे गेली तरी सावली उजवीकडेच राहते.

नॉर्मल मॅप. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. रंगाचं चित्र करडं करून त्यातून नॉर्मल मॅप काढू नका. काळा डाग खड्डा होतो आणि सोनेरी वेल डोंगर. उंचीचं चित्र वेगळं रंगवा : सपाट करड्यावर (१२८) नक्षी १५० नं, कडा १ पिक्सेल ब्लर. मग फिल्टर्स, जेनेरिक, नॉर्मल मॅप. हे मूळ नॉर्मल मॅपवर ओव्हरले मोडमध्ये ठेवा, पण आधी त्या वरच्या लेयरचा निळा चॅनल १२८ करून घ्या, नाहीतर सगळा मॅप निळाजर्द होतो आणि उठाव चेपतो.

या खेळाला डायरेक्टएक्स पद्धतीचा हिरवा चॅनल लागतो. ओळखायची खूण : हिरवा चॅनल एकटा पाहिला की उंचवट्याची वरची कड काळी आणि खालची उजळ दिसली पाहिजे. उलट दिसत असेल तर फिल्टरमधलं फ्लिप वाय दाबा. उलटा राहिला तर सोनं पोलादात कोरल्यासारखं खोल दिसतं.

अल्फा. स्कायरिममध्ये नॉर्मल मॅपच्या अल्फा चॅनलमध्ये चमक साठवलेली असते. पांढरं म्हणजे चकचकीत, काळं म्हणजे मंद. गिंप मात्र अल्फाला पारदर्शकताच समजतो, त्यामुळे मुठीचं कातडं मंद असेल तर ते चित्रात गायब झालेलं दिसतं. घाबरून पार्श्वभूमी भरू नका.

कृती अशी : कलर्स, कॉम्पोनन्ट्स, डीकंपोज. पद्धत आरजीबीए, लेयरमध्ये फोडा. चार करडे लेयर असलेली नवी खिडकी उघडेल. वरचे तीन लपवून अल्फावर काम करा : पोलाद १६०, सोनं २२०, कातडं २५, ओरखड्यांच्या जागी पोलादापेक्षा २०-३० कमी. झालं की त्याच मेनूतून रीकंपोज. मूळ खिडकीत बदल परत बसतात.

शेवटी टीजीए (अल्फा जपणारा चित्राचा फॉरमॅट) म्हणून काढा आणि डीडीएसमध्ये रूपांतर करा. पुढचं उद्या लिहितो, पण प्रश्न आजच विचारा.

धूळपाटी

नॉर्मल मॅपची पीएनजी काढली आणि मुठीवर काळे चौकोनी ठिपके आले. अल्फामध्ये तिथे पूर्ण काळा होता. हे का होतं?

निळीशाई

@धूळपाटी, पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग जपायचे का, असा एक पर्याय खिडकीत असतो. तो बंद असेल तर अल्फा शून्य असलेल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग पुसला जातो. रंगाच्या फाइलमध्ये हे कळतही नाही, पण नॉर्मल मॅपमध्ये १२८, १२८, २५५ च्या जागी ०, ०, ० आलं की प्रकाशाची दिशाच चुकते आणि ठिपके दिसतात. तो पर्याय चालू करा. शिवाय अल्फाची लेव्हल्स उघडून खालच्या पट्टीतली सगळ्यात गडद मर्यादा ० ऐवजी ५ ठेवा. ५ आणि ० मधला फरक खेळात दिसत नाही, आणि पुढे कुठलंही सॉफ्टवेअर पिक्सेल पुसायला कारण शोधत नाही.

फोटोशॉपवाल्यांसाठी : चॅनल्स पॅनलमध्ये अल्फा १ हा स्वतंत्र चॅनल ठेवा आणि ३२ बिट टीजीए काढा. २४ बिट निवडलंत तर अल्फा निघून जातो आणि तलवार प्लॅस्टिकसारखी सगळीकडे सारखी चमकते. फोटोशॉपमधून या कामासाठी पीएनजी वापरूच नका. तिथे पीएनजी लेयरची पारदर्शकता घेते, तुमचा अल्फा १ नाही.

@कासारगल्ली, एका गोष्टीशी असहमत. सोन्याची अल्फा २२० ठेवू नये. स्कायरिमचं शेडिंग जुन्या पद्धतीचं आहे. चमकेचा रंग टेक्श्चरमध्ये नसतो, निफमधल्या स्पेक्युलर कलरमध्ये असतो आणि तो अख्ख्या आकाराला एकच. तो पांढरा आहे. मग सोन्यावर जितकी चमक जास्त तितका पांढरा रंग जास्त मिसळतो आणि सोनं चांदी होतं. आधुनिक खेळांत धातू स्वतःच्या रंगानं चमकतो, म्हणून तिथली सवय इथे चुकवते. सोनं पोलादापेक्षा कमी ठेवा, १०० ते ११५. रंगाच्या फाइलमध्ये त्याचं सॅच्युरेशन थोडं वाढवा. करड्या पोलादाच्या शेजारी पिवळा रंग टिकून राहिला की डोळा त्याला सोनं मानतो.

कासारगल्ली

@निळीशाई, बरोबर आहे. ११० वर करून पाहिलं, मशालीच्या उजेडातही पिवळेपणा टिकतो. वरचा २२० चा आकडा कोणी घेऊ नका, ११० धरा.

चौकट१६

स्पेक्युलर कलर पिवळसर केला तर?

निळीशाई

मग पातंही पितळेचं दिसेल. नक्षीचा आकार ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा कापून त्याला स्वतःचा शेडर देता येतो, पण एका आडव्या पट्टीसाठी ते नको. ज्या ढालीचा अर्धा भाग सोन्याचा आहे तिथे जरूर करा.

कासारगल्ली

रूपांतराचा भाग.

पेंट डॉट नेटमध्ये टीजीए उघडून सेव्ह ॲज, डीडीएस. फॉरमॅटच्या यादीत बीसी७ (चित्र दाबून साठवायची एक पद्धत) दोनदा दिसतं : लिनिअर आणि एसआरजीबी. लिनिअर घ्या, रंगाच्या फाइलसाठीसुद्धा. मूळ खेळाच्या फाइली तशाच आहेत. एसआरजीबी निवडलं की छटा बदलतात आणि माणूस गिंपमध्ये परत जाऊन रंग दुरुस्त करत बसतो. मिपमॅप बनवण्याची खूण अवश्य करा. टेक्सकॉन्व्ह वापरत असाल तर फॉरमॅट बीसी७ युनॉर्म, आणि मिपची संख्या ० म्हणजे शेवटपर्यंतचे सगळे. २०४८ च्या चित्राला १२ पातळ्या होतात. मिप नसले तर जवळून सगळं छान दिसतं आणि तलवार दहा पावलं लांब गेली की चंदेरी मुंग्या चालल्यासारखी चमचमते.

बीसी१ (जुनं नाव डीएक्सटी१) वापरायचा मोह टाळा. ही सगळी कुटुंबं चित्राचे ४ × ४ पिक्सेलचे तुकडे करून साठवतात. बीसी१ मध्ये प्रत्येक तुकड्याला फक्त दोन मूळ रंग मिळतात आणि तेही १६ बिटचे. एका तुकड्यात पोलाद, काळी कडा आणि सोनं असे तीन रंग आले की वेलीच्या रेघेला करवतीचे दाते येतात. चकचकीत भागाच्या नॉर्मल मॅपवर तर चौकोन उघड दिसतात. बीसी५ दिशेसाठी उत्तम, पण त्यात दोनच चॅनल असतात. अल्फा नाही, म्हणजे चमक नाही.

वजन : २०४८ चं बीसी७ मिपसकट साधारण ५.३ एमबी. ४०९६ चं २१.३ एमबी. रंग आणि नॉर्मल मिळून दोन फाइली, म्हणजे एका तलवारीला ४३ एमबी व्हिडिओ मेमरी. पडद्यावर हाताएवढ्या जागेत दिसणाऱ्या वस्तूला ४०९६ नको, असं माझं ठाम मत आहे.

२०११ च्या मूळ स्कायरिमसाठी करत असाल तर बीसी७ चालणार नाही. ती आवृत्ती डायरेक्टएक्स ९ वर आहे. तिथे बीसी३ (डीएक्सटी५) घ्या. २०१६ ची स्पेशल एडिशन डायरेक्टएक्स ११ वर आहे, तिला बीसी७ चालतं.

तिसरीघंटा

मी पात्यावर मोडी अक्षरं कोरायचा प्रयत्न करतेय. एका बाजूनं बरोबर येतात, दुसऱ्या बाजूनं आरशातल्यासारखी उलटी. टेक्श्चरमध्ये तर अक्षरं एकदाच आहेत.

चौकट१६

कारण तेच आहे, तिसरीघंटा. अक्षरं एकदाच आहेत, पण पात्याच्या दोन्ही बाजू चित्रातला तोच तुकडा वापरतात. निफस्कोपमध्ये आकारावर राइट क्लिक करून टेक्श्चर, एडिट यूव्ही उघड. मॉडेलची जाळी चित्रावर कशी पसरली आहे ते तिथे दिसतं. एका बाजूची जाळी दुसरीवर तंतोतंत पडलेली दिसेल. जागा वाचवायला तलवारी, ढाली, चिलखतं यांत असं सर्रास करतात.

चित्रात याला उत्तर नाही. पर्याय दोन. वेलबुट्टी, चंद्रकोर, सूर्य असं उलटं झालं तरी बिघडत नाही ते काढायचं. किंवा ब्लेंडरमध्ये एका बाजूची जाळी उचलून चित्राच्या रिकाम्या भागात हलवायची, आणि तिथे पातं दुसऱ्यांदा रंगवायचं, अक्षरांशिवाय किंवा सरळ अक्षरांसकट. दुसऱ्या पर्यायात तुझी निफ फाइलही मॉडमध्ये द्यावी लागेल. आणि प्रथम पुरुषी दृश्यातली तलवार वेगळ्या निफमध्ये असते. ती बदलायची राहिली तर कॅमेरा आत घेतला की अक्षरं पुन्हा उलटी.

तिसरीघंटा

प्रथम पुरुषी निफचं माहीत नव्हतं, धन्यवाद. दोन्ही बदलते. आणखी एक : पात्याच्या कडेला लांबून काळी रेघ दिसते. जवळून नाही.

निळीशाई

चित्रात जाळीच्या तुकड्याबाहेरचा भाग काळा सोडला असेल. मिपमॅप बनताना प्रत्येक पातळीवर शेजारच्या चार पिक्सेलांची सरासरी निघते, त्यामुळे बाहेरचा काळा हळूहळू आत झिरपतो. तुकड्याचा रंग कडेबाहेर १६ पिक्सेल वाढव. २०४८ वर १६ पिक्सेलची पट्टी चौथ्या पातळीला, म्हणजे १२८ च्या चित्रात, १ पिक्सेल उरते. त्यापुढे तलवार इतकी लहान दिसते की फरक पडत नाही. नॉर्मल मॅपच्या तुकड्याबाहेरही काळं नको, सपाट निळा १२८, १२८, २५५ भर.

धूळपाटी

ठिपके गेले. आता क्यूबमॅप लावलाय, चौथ्या जागी शायनीब्राइटचा मार्ग लिहिला, पण काहीच बदल नाही.

कासारगल्ली

मार्ग लिहून पुरत नाही. शेडर प्रॉपर्टीत शेडर टाइप एन्व्हायरन्मेंट मॅप करा आणि पहिल्या फ्लॅग्समध्ये एन्व्हायरन्मेंट मॅपिंगची खूण लावा. दोन्ही एकत्रच बदला. टाइप एक आणि फ्लॅग दुसरं सांगत असतील तर खेळ बंद पडू शकतो. नंतर एन्व्हायरन्मेंट मॅप स्केल दिसतं. १ पासून सुरू करून खाली या.

पाचव्या जागी मास्क दिला नाहीत तर खेळ नॉर्मल मॅपची अल्फाच मास्क म्हणून वापरतो. साध्या पोलादी पात्याला ते चालून जातं. इथे नक्षी आहे, म्हणून वेगळा मास्क करा : पोलाद ९०, सोनं ४०, कातडं पूर्ण काळं. क्यूबमॅपमधलं आकाश निळसर असतं, ते सोन्यावर जास्त पडलं की सोनं हिरवट दिसतं. मास्क करडाच असतो, त्यामुळे त्याला ५१२ चा आकार पुरतो.

धूळपाटी

फ्लॅग राहिला होता. आता दिसतंय.

चौकट१६

तपासणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. फक्त निफस्कोपमध्ये पाहून मॉड चढवू नका, तिथला उजेड एकसारखा असतो. मॉड ऑर्गनायझरमध्ये रिकामा मॉड करून त्यात टेक्श्चर्स फोल्डर मूळ रचनेसकट ठेवा. सुट्या फाइली बीएसएमधल्यांवर मात करतात, मूळ बीएसएला हात लावायची गरज नाही. तरी जुनंच रूप दिसलं तर डावीकडच्या यादीत दुसरा एखादा मॉड तीच फाइल देत असतो. विजेचं चिन्ह असलेल्या ओळी बघा.

खेळात कन्सोलवरून (आदेश टाइप करायच्या खिडकीतून) तास बदलून एकच तलवार चार ठिकाणी पाहा : दुपारी १२ वाजता बर्फात, संध्याकाळी ७ ला, खाणावळीत शेकोटीजवळ, आणि गुहेत फक्त मशालीवर. दुपारी बरी आणि गुहेत काळी ठिक्कर असेल तर रंगाची फाइल गडद आहे, अल्फा वाढवू नका. उलट दुपारी पांढरी फटक पडत असेल तर अल्फा जास्त आहे, रंग गडद करू नका. लोक हे दोन उपाय उलटे करतात आणि आठवडाभर त्याच जागी फिरतात.

निळीशाई

चढवण्याआधी परवानगीचंही पाहा. मूळ खेळाच्या टेक्श्चरवर काम करून त्याच खेळाच्या मॉडमध्ये देणं रूढ आहे. दुसऱ्या मॉडकर्त्याच्या फाइलवर काम केलं असेल तर त्याच्या पानावरच्या अटी वाचून विचारा. दुसऱ्या खेळातून उचललेली नक्षी नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळावर चालत नाही, काढून टाकतात.

तिसरीघंटा

जाळी हलवली, दोन्ही निफ बदलल्या, १६ पिक्सेल वाढवले. मोडी दोन्ही बाजूंनी सरळ आणि काळी रेघही गेली. अक्षराची रेघ ३ पिक्सेल होती ती मात्र दुसऱ्या मिपलाच विरून जातेय. ५ करू का?

कासारगल्ली

५ कर, पण फक्त उभ्या जाड रेघा. मोडीच्या बारीक वळणांना ३ च ठेव, नाहीतर अक्षरांची पोटं भरून जातील. आणि उंचीच्या चित्रात अक्षर १२८ पेक्षा खाली, ११० पर्यंत उतरव. नक्षी ठोकून बसवलेली आहे म्हणून वर, अक्षर कोरलेलं आहे म्हणून खाली.

तिसरीघंटा

११० वर केलं. मशाल बाजूला नेली की खाचेत सावली पडते. रंगाच्या फाइलमध्ये खाच थोडी काळपट करू, की नको?

कासारगल्ली

कर, खाचेत मळ साठतोच. पोलादापेक्षा २० नं गडद, आणि त्या जागी अल्फाही ६० वर आण.